स्थौल्य, शस्त्रक्रिया आणि परदेशप्रवास : ईमान अहमद प्रकरणातील कथनाची चिकित्सा

प्रस्तावना

११ फेब्रुवारी २०१७ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथील ईमान अहमद या छत्तीस वर्षांच्या रुग्ण स्त्रीला मालवाहू विमानाने मुंबईत आणण्यात आले. तिचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगण्यात येत होते. चर्नी रोड परिसरातील सैफी रुग्णालयात डॉ. मुफझ्झल लकडावाला यांच्या पथकाने ७ मार्च रोजी तिच्यावर वजन घटविण्याची शस्त्रक्रिया केली. एप्रिलमध्ये रुग्णालय आणि रुग्णाची बहीण यांच्यात जाहीर वाद उद्भवला. ४ मे रोजी रुग्णाला अबुधाबीतील बुर्जील रुग्णालयात हलविण्यात आले आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी तेथेच तिचा मृत्यू झाला. हृदयविकार व मूत्रपिंडांचे अकार्य यांसह तिला असलेल्या व्याधींमुळे उद्भवलेली गुंतागुंत हे मृत्यूचे कारण सांगण्यात आले.

साडेसात महिन्यांचा हा घटनाक्रम त्या काळात भारतातील आणि भारताबाहेरील वृत्तमाध्यमांनी सविस्तर मांडला. वैद्यकीय निर्णय योग्य होते की अयोग्य, अथवा वादातील कोणाची बाजू खरी होती, याचा निवाडा करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन नाही. वजन घटविण्यासाठी परदेशी जाणाऱ्या रुग्णाची ‘गोष्ट’ कशी रचली जाते, तिचा नायक कोण ठरतो, तिचा शेवट कोणत्या मापाने ठरविला जातो आणि या रचनेत रुग्णाच्या वाट्याला काय येते, या प्रश्नांचा विचार येथे केला आहे. वृत्तान्त ही केवळ माहिती नसते. ते एक कथन असते आणि म्हणून साहित्यसमीक्षेची साधने त्यालाही लावता येतात, या गृहीतकावर हे विवेचन आधारलेले आहे.

संकल्पनात्मक चौकट

कॅनडातील समाजशास्त्रज्ञ आर्थर फ्रँक यांनी ‘द वुंडेड स्टोरीटेलर’ (१९९५) या ग्रंथात आजारपणाच्या कथनांचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला प्रकार पूर्वस्थितीकडे परतण्याच्या कथेचा. त्यात माणूस निरोगी असतो, आजारी पडतो आणि उपचाराने पुन्हा बरा होतो. दुसरा प्रकार विस्कळीत कथेचा. त्यात दुःखाला क्रम नसतो आणि सुटकाही दिसत नाही. तिसरा प्रकार शोधकथेचा. त्यात रुग्ण आजाराला सामोरा जाताना स्वतःविषयी काही नवे जाणतो आणि ते स्वतःच्या शब्दांत सांगतो. आधुनिक समाजाला यांपैकी पहिला प्रकार सर्वाधिक प्रिय असतो, हे फ्रँक यांचे निरीक्षण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. परतण्याच्या कथेत कर्तृत्व वैद्याचे आणि औषधाचे असते. रुग्णाचे शरीर ही त्या कर्तृत्वाची जागा असते.

मिशेल फूको यांनी ‘द बर्थ ऑफ द क्लिनिक’ (१९६३) मध्ये वैद्यकीय दृष्टीची जी मीमांसा केली, तिच्याशी हे निरीक्षण जुळते. ही दृष्टी रोग पाहते आणि रोगी माणूस मागे पडतो. वृत्तमाध्यमांची दृष्टी तिला येऊन मिळाली म्हणजे एरवी रुग्णालयाच्या खोलीपुरते राहणारे पाहणे सार्वजनिक होते. ईमान अहमद प्रकरणात या दोन दृष्टींचा संयोग झालेला आढळतो.

‘पर्यटन’ या संज्ञेची अडचण

उपचारासाठी देशाची सीमा ओलांडण्याच्या व्यवहाराला ‘वैद्यकीय पर्यटन’ ही संज्ञा रूढ झाली आहे. अमेरिकेतील रुग्ण वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मेक्सिकोतील तिहुआना येथे जातात, ब्रिटनमधील रुग्ण इस्तंबूलला जातात. आखाती व आफ्रिकी देशांतून भारतातील महानगरांत रुग्ण येतात. स्वदेशातील उपचारांचा खर्च, विम्याच्या अटी, प्रतीक्षायादी अथवा तज्ज्ञ सेवेचा अभाव ही या प्रवासाची सर्वसाधारण कारणे होत. यांपैकी एकही कारण सहलीचे नाही.

संज्ञेच्या मागे अर्थकारण उभे असते. भारताच्या २००२ सालच्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात परदेशी रुग्णांना शुल्क आकारून सेवा देण्यास प्रोत्साहन देण्यात आले आणि परकीय चलनात मोबदला मिळणाऱ्या अशा सेवेला ‘मानीव निर्यात’ समजून निर्यातीच्या सवलती लागू करण्याची भूमिका घेण्यात आली. रुग्ण देशात येतो आणि हिशेबात मात्र निर्यात नोंदली जाते. अर्थशास्त्रीय परिभाषेत हे सुसंगत असले तरी रुग्णाचे माणूसपण या नोंदीत कोठे बसते, हा प्रश्न शिल्लक राहतो.

मार्शिया इनहॉर्न आणि पास्क्वाले पॅत्रित्सिओ या अभ्यासकांनी २००९ मध्ये अपत्यप्राप्तीच्या उपचारांसाठी होणाऱ्या परदेशप्रवासाच्या संदर्भात ‘पर्यटन’ हा शब्द नाकारून ‘निर्वासन’ हा पर्याय सुचविला. स्वदेशी उपचार मिळत नाहीत म्हणून घर सोडावे लागणाऱ्या व्यक्तीला पर्यटक म्हणणे अन्यायाचे आहे, हा त्यामागील विचार होय. ईमान अहमदच्या प्रवासाला तो अधिकच लागू पडतो. वृत्तान्तांनुसार पंचवीस वर्षे घराबाहेर न पडलेली ही स्त्री उपचारासाठी प्रथम आपल्या देशाबाहेर गेली, तेथून आणखी एका परक्या देशात गेली आणि घरी जिवंत परतू शकली नाही. तिच्या प्रवासाला ‘पर्यटन’ म्हणताच त्या शब्दातील विसंगती उघडी पडते.

प्रवास हेच कथानक

फेब्रुवारीतील वृत्तान्त पाहता, वाचकापुढे मांडलेल्या कथेचा गाभा प्रवासाचा होता. व्हिसा मिळण्यातील अडचण, शल्यचिकित्सकांनी समाजमाध्यमावरून तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांना केलेले आवाहन, त्यांनी तत्परतेने दिलेला प्रतिसाद, विमानातील विशेष व्यवस्था, खास बनविलेला पलंग, मालमोटार आणि अखेरीस पलंगासह रुग्णाला उचलणारी क्रेन, असा हा क्रम आहे. प्रत्येक टप्प्यावर एक अडथळा आणि त्याचे निवारण आहे. पराक्रमाच्या कथेची ही परिचित बांधणी होय.

या बांधणीत कर्ता कोण, हे पाहणे उद्बोधक ठरते. व्हिसा मंत्री देतात, विमान कंपनी वाहून नेते, क्रेन उचलते, पथक शस्त्रक्रिया करते. रुग्ण स्त्रीविषयीची क्रियापदे मात्र प्रायः कर्मणी आहेत : आणली गेली, उचलली गेली, ठेवली गेली, हलविली गेली. व्याकरणाच्या पातळीवरच ती कथेचे कर्म ठरली. पक्षाघातामुळे तिच्या हालचालीवर व बोलण्यावर मर्यादा आल्या होत्या हे खरे असले, तरी न हलणाऱ्या माणसालाही भय, संकोच, आशा आणि घरची आठवण असते. क्रेनचे छायाचित्र जितक्या वेळा छापले गेले, तितक्या वेळा या गोष्टींचा उल्लेख झालेला दिसत नाही.

क्रेनच्या छायाचित्राविषयी आणखी एक मुद्दा नोंदविला पाहिजे. यंत्राने उचललेले मनुष्यशरीर पाहताना वाचकाच्या मनात करुणा आणि कुतूहल एकाच वेळी जागी होतात. करुणा ही वृत्त देण्याचे समर्थन पुरविते आणि कुतूहल त्याचा खप वाढविते. पाश्चात्त्य देशांतील जत्रांतून व सर्कशींतून असामान्य शरीरांची तिकीट लावून प्रदर्शने होत असत. त्या प्रथेपासून आपण दूर आलो आहोत, असा समज आहे. ‘जगातील सर्वांत वजनदार स्त्री’ हे वारंवार वापरलेले बिरुद त्या समजाला धक्का देते. अशा बिरुदाची भाषा विक्रमाची असते. आजाराच्या संदर्भात ती अस्थानी ठरते.

वजन : कथेचे एकमेव माप

मराठीत ‘वजन’ या शब्दाचा अर्थ केवळ भार असा नाही. एखाद्याच्या शब्दाला वजन असते, गावात एखाद्या घराण्याचे वजन असते. बाळाने बाळसे धरले की घर आनंदते आणि अंगाने भरलेल्या माणसाला ‘खात्यापित्या घरचा’ म्हटले जाते. सुबत्ता व प्रतिष्ठा यांचे चिन्ह म्हणून शरीराच्या भरदारपणाकडे पाहण्याची ही जुनी रीत आहे. दुसरीकडे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘अष्टौनिन्दितीय’ अध्यायात अतिस्थूल व अतिकृश यांचा आठ निंदित शरीरांत समावेश केला आहे आणि त्या दोहोंमध्ये स्थौल्याहून कार्श्य बरे मानले आहे. तेथील ‘निंदित’ या शब्दाला चिकित्सेचा संदर्भ आहे. अतिस्थूलाचे दोष, त्यांची कारणे आणि उपचार यांची तेथे मांडणी आहे. तरीही रोगाचे वर्णन आणि निंदा एका शब्दात एकत्र नांदू शकतात, याची साक्ष या संज्ञेतून मिळते.

आजच्या वृत्तभाषेत प्रतिष्ठेचा अर्थ गळून गेला आहे, निंदेचा मात्र उरला आहे. लठ्ठपणा म्हणजे खाण्यावरील संयमाचा अभाव, ही समजूत इतकी खोल आहे की रुग्णाचा आहार हा कुतूहलाचा पहिला विषय होतो. अर्व्हिंग गॉफमन यांनी ‘स्टिग्मा’ (१९६३) मध्ये कलंकाचे जे स्वरूप सांगितले आहे, ते येथे प्रत्ययास येते. एका दृश्य लक्षणाने माणसाची इतर सर्व ओळख झाकली जाते.

ईमान अहमद प्रकरणात वजनाचा आकडा हेच कथेचे माप ठरले. आगमनाच्या वेळचे वजन, शस्त्रक्रियेपूर्वी द्रव आहाराने उतरलेले वजन, शस्त्रक्रियेनंतरचे वजन अशी बातम्यांची प्रगती होत गेली. एप्रिलमध्ये सुमारे निम्मे वजन उतरल्याचे रुग्णालयाकडून सांगण्यात आले. त्याच महिन्यात बहिणीने चित्रफितीद्वारे वजनघटीच्या दाव्यांवर आणि रुग्णाच्या प्रकृतीविषयीच्या माहितीवर आक्षेप घेतले. रुग्णालयाने ते आक्षेप फेटाळले. येथे लक्षणीय बाब अशी की, जाहीर वाद पेटला तेव्हा त्याचाही एक मुख्य आधार किलोचाच राहिला. किती वजन होते, किती उतरले, मोजले कसे, हे प्रश्न ठळक झाले. रुग्ण बसू शकेल काय, पक्षाघाताचे परिणाम कितपत कमी होतील, तिला स्वतःला कोणती सुधारणा हवी आहे, हे प्रश्न त्यामानाने क्षीण राहिले. यशाची व्याख्या आकड्याने केली म्हणजे अपयशाची व्याख्याही आकड्यानेच करावी लागते आणि दोन्ही पक्ष एकाच चौकटीत अडकतात.

आवाज कोणाचा? : एक तुलना

परदेशी जाऊन अशी शस्त्रक्रिया करून घेणारी सर्वाधिक प्रसिद्ध व्यक्ती म्हणजे अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू दिएगो मॅराडोना. मार्च २००५ मध्ये कोलंबियातील कार्ताहेना येथे त्याच्यावर बायपास पद्धतीची जठराची शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो अर्जेंटिनाच्या दूरचित्रवाणीवर स्वतःचा कार्यक्रम घेऊन आला. बदललेल्या शरीरानिशी तो प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि आपल्याविषयी स्वतः बोलला. त्या शरीराचाही तमाशा झाला होता, परंतु कथेवर त्याचा काही अधिकार राहिला. फ्रँक यांच्या परिभाषेत त्याला शोधकथा सांगण्याची संधी मिळाली.

तथापि त्याचीही कथा ‘बरा झाला’ येथे संपली नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये व्हेनेझुएलात त्याच्यावर पुन्हा जठराची शस्त्रक्रिया झाली. पहिल्या वेळच्या यशोगाथेचा गाजावाजा लक्षात घेता, दुसऱ्या शस्त्रक्रियेची वार्ता त्या यशोगाथेला दिलेले उत्तर म्हणून वाचता येते. स्थौल्य हा दीर्घकालीन विकार आहे. ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा दोन छायाचित्रांत तो बसत नाही.

ईमान अहमदच्या बाबतीत अशी संधीच नव्हती. तिची कथा शल्यचिकित्सकाने सांगितली, बहिणीने सांगितली, दोन देशांतील रुग्णालयांच्या निवेदनांनी सांगितली. यांतील प्रत्येक जण तिच्या वतीने बोलत होता आणि आपल्या परीने तिच्या हिताचाच दावा करीत होता. परंतु वतीने बोलणाऱ्यांत मतभेद झाले, तेव्हा निर्णायक साक्ष देऊ शकेल असा तिचा स्वतःचा शब्द वाचकापर्यंत पोहोचलेला नव्हता. संमतीचा प्रश्न येथे उपस्थित होतो. शस्त्रक्रियेसाठी संमती घेण्याची रीत निश्चित झालेली आहे. रुग्णाचे शरीर जगापुढे मांडण्याला कोणाची, कोणत्या भाषेत आणि किती काळासाठी संमती घ्यावी, याविषयी तितकी स्पष्टता नाही.

कथेबाहेर राहिलेला उपचार

७ मार्च रोजी झालेली शस्त्रक्रिया ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’ या नावाने ओळखली जाते. तीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढून टाकला जातो आणि उरलेल्या जठराला अरुंद नळीचा आकार येतो. अन्नाचे प्रमाण त्यामुळे घटते, शिवाय भूक चाळविणाऱ्या घ्रेलिन या संप्रेरकाची निर्मितीही कमी होते. काढलेला भाग परत जोडता येत नाही. अशा शस्त्रक्रियेनंतर आहाराचे नियोजन, लोह, जीवनसत्त्व ब-१२ आदींची पूर्ती आणि रक्ततपासण्या यांची निगराणी आयुष्यभर ठेवावी लागते. म्हणजेच शस्त्रक्रिया हा उपचाराचा आरंभ असतो.

परदेशप्रवासाच्या व्यवस्थेत नेमका हाच भाग दुर्बल असतो. रुग्ण काही दिवसांत मायदेशी परततो, शल्यचिकित्सक परदेशी राहतो, कागदपत्रे निराळ्या भाषेत असतात आणि टाक्यांतून गळती, रक्तस्राव अथवा रक्ताच्या गुठळ्या यांसारखी गुंतागुंत उद्भवल्यास तिचा भार मायदेशातील वैद्यांवर पडतो. प्रवास व निवास यांसह एकत्रित दर सांगणाऱ्या जाहिरातींत शस्त्रक्रियेचा दिवस ठळक असतो, पुढची वर्षे दिसत नाहीत. ईमान अहमद प्रकरणातील वाद याच संधिस्थानी उद्भवला, हे विसरता येत नाही. रुग्णालयाचे काम कोठे संपते आणि दीर्घकालीन शुश्रूषा कोठे व्हावी, हा त्या वादामागील खरा प्रश्न होता. पराक्रमाच्या कथेला मात्र शुश्रूषेचा अध्याय नसतो.

दुसरी अशीच बाजूला पडलेली गोष्ट जनुकाची. लेप्टिन या संप्रेरकाचा शोध जेफ्री फ्रीडमन यांच्या पथकाने १९९४ मध्ये लावला. शरीरातील मेदाचा साठा किती आहे, हा संदेश ते मेंदूला देते. तो संदेश ग्रहण करणाऱ्या जनुकात बिघाड असल्यास पोट भरल्याची जाणीव होत नाही. ईमान अहमदच्या तपासणीत या जनुकात बदल आढळल्याचे २०१७ मध्येच जाहीर झाले होते. ही माहिती संयमाच्या अभावाविषयीच्या लोकप्रिय समजुतीला छेद देणारी होती. तरीही कथेच्या मांडणीत ती तळटीपेच्या जागी राहिली. या जनुकातील विशिष्ट बिघाडांमुळे होणाऱ्या स्थौल्यावर सेटमेलॅनोटाइड या औषधाला अमेरिकेच्या औषध नियामकाने नोव्हेंबर २०२० मध्ये मान्यता दिली. तिच्या बाबतीत ते उपयोगी ठरले असते की नाही, हे सांगता येणार नाही. परंतु एखाद्या शरीराचे कारण रेणूच्या पातळीवर शोधले जात असताना वृत्तभाषा क्रेनवरच थांबली होती, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

एका आक्षेपाचा विचार

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. प्रसिद्धी झाली नसती तर व्हिसा सुलभतेने मिळाला नसता, देणग्या जमल्या नसत्या, विनामूल्य उपचार झाले नसते आणि ती स्त्री अलेक्झांड्रियातील खोलीतच राहिली असती. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. सार्वजनिक सहानुभूती हे गरीब रुग्णाच्या हाती असलेल्या मोजक्या साधनांपैकी एक आहे. उपचारासाठी मदतीचे आवाहन छापणाऱ्या आपल्याकडील वृत्तपत्रांनाही हे ठाऊक आहे.

परंतु हा आक्षेपच मूळ समस्येचा पुरावा होय. उपचार मिळण्यासाठी रुग्णाला आधी प्रेक्षणीय व्हावे लागत असेल, तर ज्यांचे शरीर पुरेसे प्रेक्षणीय नाही त्यांचे काय? आंतरराष्ट्रीय संघटनांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार देहवस्तुमान निर्देशांक ३५ व त्यापुढे असल्यास अन्य व्याधी नसतानाही शस्त्रक्रियेची शिफारस केली जाते. आशियाई लोकसंख्येत २७.५ पासूनच या पर्यायाचा विचार करावा, असेही त्यांत म्हटले आहे. या व्याख्येत बसणाऱ्या असंख्य सामान्य रुग्णांसाठी विमान थांबत नाही. शिवाय, प्रेक्षणीयतेच्या मोबदल्यात मिळालेल्या उपचाराला निकालाची घाई असते. पाहणाऱ्यांना शेवट हवा असतो आणि दीर्घ आजाराला तो वेळेवर देता येत नाही.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. वजन घटविण्यासाठी होणाऱ्या परदेशप्रवासाला ‘पर्यटन’ म्हणणे वस्तुस्थितीशी विसंगत आहे. या संज्ञेमुळे प्रवासामागील अभाव झाकला जातो आणि रुग्ण ग्राहक म्हणून उरतो.

२. ईमान अहमद प्रकरणातील वृत्तकथन प्रामुख्याने परतण्याच्या कथेच्या साच्यात झाले. त्यात कर्तेपण यंत्रणा आणि वैद्य यांच्याकडे राहिले व रुग्ण स्त्री कथेचे कर्म ठरली.

३. वजनाचा आकडा हे यशाचे माप ठरल्याने वादातही तेच माप कायम राहिले. चालणे, बोलणे, वेदना, इच्छा ही रुग्णाची मापे मागे पडली.

४. आजीवन निगराणी आणि जनुकीय कारण या उपचाराच्या दोन गाभ्याच्या बाबी कथेत गौण राहिल्या. स्थौल्याविषयीचा नैतिक दोषारोप त्यामुळे अबाधित राहिला.

रुग्णकथांचा अभ्यास भाषा, समाजशास्त्र आणि वैद्यक या तिन्ही शाखांच्या सीमेवर येतो. महाविद्यालयीन स्तरावर वृत्तलेखनाचे अध्यापन करताना अशा प्रकरणांतील क्रियापदांचा, बिरुदांचा आणि छायाचित्रांच्या निवडीचा विचार विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. ईमान अहमदविषयी उपलब्ध असलेल्या मजकुरात तिचे वजन दिवसागणिक नोंदलेले सापडते. तिने मुंबईत काय पाहिले, कोणाची आठवण काढली, अबुधाबीला जाताना तिला काय वाटले, याची नोंद मात्र क्वचितच आढळते. पुढील रुग्णाविषयी लिहिणाऱ्यांनी ही उणीव ध्यानात ठेवली, तर या प्रकरणाच्या चिकित्सेचे काही प्रयोजन सिद्ध होईल.